वेलाच्या हातातील स्प्रिंग

परसातल्या काकडीच्या किंवा कारल्याच्या वेलाकडे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? त्याच्या पेरापेराशी पानाजवळून एक हिरवा, नाजूक धागा निघतो. त्याला तणावा म्हणतात. शास्त्रीय नाव प्रतान. खोड दुबळे असूनही वेल वर चढतो, तो या तणाव्यांच्या बळावर.

वेल जमिनीवर पसरू दिला तर ओल्या मातीला टेकलेली फळे कुजतात. पाने लवकर सुकत नाहीत आणि केवड्यासारखे बुरशीचे रोग फावतात. म्हणून शेतकरी वेल ताटीवर किंवा मांडवावर चढवतात. तेथे पानांना ऊन आणि वारा दोन्ही मिळतात, शिवाय जागाही थोडी लागते. पडवळ तर मांडवाखाली लोंबूनच सरळ वाढते. ते वाकू नये म्हणून त्याच्या टोकाला लहानसा दगडही बांधतात.

पण तणाव्याला आधार सापडतो कसा? कोवळा तणावा हवेत संथपणे गोल फिरत असतो. काडीचा स्पर्श झाला की स्पर्श झालेल्या बाजूपेक्षा विरुद्ध बाजू अधिक वाढते व तो काडीभोवती वळतो. याला स्पर्शानुवर्तन म्हणतात. चार्ल्स डार्विन यांनी अशा वेलींचा बारकाईने अभ्यास करून 1865 मध्ये त्यावर मोठा निबंध प्रसिद्ध केला. काडीच्या हलक्या घर्षणाने वळणारे तणावे पाण्याच्या थेंबांना मात्र दाद देत नाहीत, हे त्यांना आढळले. पावसाच्या प्रत्येक थेंबाला तणावा वळू लागला, तर वेलाचे कसे होईल?

खरी गंमत पुढेच आहे. टोक पक्के बसले की मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि वेल आधाराकडे ओढला जातो. ही स्प्रिंग नीट पाहा. निम्मे वेढे एका दिशेने, तर निम्मे उलट दिशेने असतात! असे का?

एक रिबिन घ्या. पेन्सिलीवर तिचे एकाच दिशेने चार वेढे घ्या. पेन्सिल काढून घ्या आणि टोके न फिरवता रिबीन ताणा. तिला चार पीळ पडलेले दिसतील. आता दोन वेढे एका दिशेने व दोन उलट दिशेने घेऊन पुन्हा ताणा. पीळ एकमेकांना रद्द करतात. तणाव्याची दोन्ही टोके बांधलेली असल्याने ती फिरू शकत नाहीत. मध्येच दिशा पालटली नाही, तर तो पिळवटून जाईल.

गुंडाळण्याचे बळ कोठून येते, हे हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये काकडीवर दाखवले. तणाव्याच्या आत पेशींची दुपदरी पट्टी असते. एक पदर दुसऱ्यापेक्षा अधिक आखडतो आणि पट्टी वळते. जून तणावा ताणला तर त्याचे वेढे आधी उलगडण्याऐवजी वाढतात! वादळात वेल तुटत नाही, तो या लवचीक स्प्रिंगांमुळेच.

आता ताटी कशी असावी, हे तुम्हीच सांगू शकाल. जाड खांबाला तणाव्याची मिठी पुरत नाही. त्याला सुतळी, तार किंवा बारीक काटक्याच हव्यात. सहा फुटी दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये वीतवीत अंतरावर सुतळ्या बांधा. ताटी उत्तर-दक्षिण उभारा, म्हणजे सकाळी एका बाजूला व दुपारनंतर दुसऱ्या बाजूला ऊन मिळेल. वालाच्या वेलाला तणावे नसतात; त्याचे खोडच आधाराला वेढे घालते, म्हणून त्याला उभी काठी पुरते. टोमॅटोला दोन्ही साधत नाही. त्याला काठीशी सैल बांधावे लागते.

वेल चढू लागला की दहा तणावे निवडा. प्रत्येकाचे डावे व उजवे वेढे मोजून वहीत मांडा. दोन्ही आकडे सारखे येतात, की एखाद्याचा फरक पडतो? एकाच तणाव्यात दिशा एकापेक्षा अधिक वेळा पालटलेली दिसते काय? वर्गातल्या मित्रांच्या नोंदींशी आपल्या नोंदी ताडून पाहा.