जुन्या व्हिडिओ गेमचा चार्जर शोधताना



दादाने किंवा काकांनी वापरलेला हातात धरायचा व्हिडिओ गेम कधी कधी धाकट्यांच्या वाट्याला येतो. यंत्र धडधाकट असते, पण चार्जर हरवलेला आणि बॅटरी निकामी झालेली असते. सोनीचा पीएसपी २००४ साली जपानमध्ये निघाला आणि २०१४ साली बंद झाला. निंटेंडोच्या थ्री-डीएसचे उत्पादन २०२० साली थांबले. अशा यंत्रांचे सामान शोधायचे कसे?

गंमत अशी, की सर्वांत जुने यंत्रच सर्वांत सोपे! १९८९ सालचा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चालतो. ते सेल आपल्या चिटगुप्प्याच्या बाजारातही मिळतात. २००३ सालच्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीला मात्र खास बॅटरी व खास चार्जर लागतो. जे सर्वांसाठी बनते ते टिकते. जे एकाच यंत्रासाठी बनते ते त्याच्याबरोबर दुर्मीळ होते.

म्हणून दुकानात गेमचे नुसते नाव सांगू नये. यंत्रावरचा मॉडेल क्रमांक आणि चार्जरसाठी लिहिलेले व्होल्ट वहीत उतरवून घ्यावेत. एसपीचा चार्जर २००४ सालच्या पहिल्या डीएसला चालतो, पण २००६ सालच्या डीएस लाइटला बसत नाही. पीएसपीच्या १०००, २००० व ३००० या मॉडेलना ५ व्होल्टचा, गोल पिनेचा चार्जर लागतो. व्होल्ट तेच हवेत. अँपिअर थोडे जास्त असले तरी चालतात, कमी नकोत. पीएसपीचे मेमरी कार्ड मिळत नसेल, तर मोबाईलचे छोटे कार्ड बसवण्याचा ॲडाप्टर मिळतो.

बॅटरी घेताना विशेष जपावे. पीएसपी १००० ची मूळ बॅटरी १८०० एमएएच क्षमतेची, तर २००० व ३००० ची १२०० ची. तेवढ्याच आकारात ३६०० लिहिलेले दिसले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. लिथियम बॅटरी न वापरताही वर्षानुवर्षे पडून खराब होते, तेव्हा 'जुना पण कोरा' माल पारखूनच घ्यावा.

प्रथम हुमनाबाद किंवा बीदरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत विचारावे. तिथे न मिळाल्यास हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्ली आहे. मुंबईला नातेवाईक असल्यास लॅमिंग्टन रोड आहे. यंत्र सोबत न्यावे आणि लावून पाहिल्यावरच पैसे द्यावेत.

पालकांना आमची एक विनंती. फुगलेली बॅटरी मुलांच्या हाती देऊ नये. ती टोचू, दाबू किंवा चार्ज करू नये. कचऱ्यातही टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. चार्जर लावून रात्रभर झोपू नये. जुनी वस्तू पुन्हा वापरात आणणे ही चांगलीच सवय आहे, पण चार पैसे वाचवताना घराची सुरक्षितता पणाला लागू नये.