विरजण आणि प्लेग

नाशिक जिल्ह्यातील नांदगाव हे तालुक्याचे गाव. तेथील घराघरांत रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून भांडे झाकून ठेवतात आणि सकाळी त्याचे घट्ट दही होते. दूध कढत असेल तर दही लागत नाही व थंडीत ते लागण्यास वेळ लागतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. परंतु त्या चमचाभर विरजणात कोट्यवधी सजीव वावरत असतात, हे डोळ्यांना दिसत नाही. हे जीव दुधातील साखरेचे आम्लात रूपांतर करतात; त्या आम्लाने दूध आंबट होऊन थिजते. कढत दुधात ते मरतात आणि थंडीत त्यांचे काम मंदावते.

अशा जीवांना सूक्ष्मजीव म्हणतात. हॉलंडमधील लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी फावल्या वेळी काचेची भिंगे घाशीत असे. मिरी तिखट का लागते, हे शोधून काढावे म्हणून त्याने ती पाण्यात भिजत घातली आणि १६७६ साली त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला. तिखटपणाचे कारण काही सापडले नाही. सापडली ती असंख्य चिमुकल्या जीवांची वळवळ!

दह्यातील जीव जिवाणूंच्या वर्गातील होत. हे जिवाणू इतके लहान असतात की, त्यांतील शेकडो एका ओळीत ठेवले तरी ती ओळ जेमतेम एक मिलिमीटर भरेल. शिळ्या भाकरीवर दिसणारी बुरशी हा दुसरा वर्ग. गजकर्ण तिच्याच जातभाईंमुळे होते. हिवताप आणणारे आदिजीव डासाच्या सोंडेतून माणसाच्या रक्तात शिरतात. विषाणू तर जिवाणूंहूनही कितीतरी सूक्ष्म असून दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावाचून त्यांची वाढ होत नाही. देवी, गोवर व पडसे हे त्यांचेच रोग. यांपैकी देवीचा रोग लसीमुळे पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. बहुतेक सूक्ष्मजीव माणसाच्या वाटेस जात नाहीत. काही तर आपल्या आतड्यांत राहून उपयोगी जीवनसत्त्वेही तयार करतात. जे थोडे वैरी आहेत, त्यांचा पराक्रम मात्र भयंकर आहे.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात लोकांना अकस्मात तीव्र ताप येऊ लागला. जांघेत व काखेत गाठी उठू लागल्या. डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. भयभीत झालेले लाखो लोक शहर सोडून निघाले. नांदगावावरून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गासारखे मार्ग त्यांच्या पळण्यास सोयीचे होते, तसेच ते रोगासही सोयीचे झाले. पुढील काही दशकांत या रोगाने हिंदुस्थानात सुमारे एक कोटी बळी घेतले. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना तो रोग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्लेगचा जिवाणू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कळले नव्हते. म्हणून घरे धुवून काढणे, चुना लावणे, गटारांत औषधे ओतणे असे उपाय चालत. खेड्यांतील लोकांना मात्र एक खूण माहीत होती. घरात उंदीर पटापट मरून पडू लागले, की ते घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. शास्त्रज्ञांना जे सिद्ध करावयाचे होते, त्याचा निम्मा भाग त्यांनी अनुभवाने ओळखला होता! उरलेला निम्मा भाग पोल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिला. प्लेगचा उंदीर मेला, की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरे शरीर शोधतात आणि त्यांच्या चाव्यातून जिवाणू पसरतात.

तत्पूर्वीच वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील छोट्याशा जागेत त्यांनी मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जिवाणू वाढविले. रश्श्यावर ते तुपाचे थेंब सोडीत. तुपाला धरून जिवाणूंच्या तंतूंची झुंबरे खाली लोंबू लागत. मग उष्णतेने ते जिवाणू मारून त्यांनी लस बनविली. मेलेले जिवाणू रोग देत नाहीत, परंतु त्यांच्याशी झुंजण्याची शिकवण शरीराला मिळते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप आला व तो उतरला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा टोचून घेतलेल्या कैद्यांत तो फार थोड्यांना झाला. लसीने सर्वांचेच रक्षण होत नसे, तरी असंख्य प्राण वाचले. परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे.

१९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावी पुन्हा उंदीर मरून पडू लागले आणि काही गावकऱ्यांच्या अंगावर गाठी आल्या. या वेळी रोग्यांसाठी टेट्रासायक्लिन हे औषध होते. या जातीचे पहिले औषध मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवापासूनच मिळाले होते.