ब्रिटनमधील 'चीफ ऑफ द नेव्हल स्टाफ' या पदाचा इतिहास : नियोजन आणि हुकूमत यांच्या संबंधाचा अभ्यास

प्रस्तावना :

भारतीय नौदलाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यास 'चीफ ऑफ द नेव्हल स्टाफ' असे म्हटले जाते. मराठीत त्याचा अनुवाद 'नौदलप्रमुख' असा रूढ आहे. या अनुवादात मूळ संज्ञेतील 'स्टाफ' हा शब्द गळून पडतो. शब्दशः पाहता हा अधिकारी नौदलाचा नव्हे, तर नौदलाच्या 'स्टाफ'चा प्रमुख ठरतो. येथे 'स्टाफ' म्हणजे कर्मचारीवर्ग नव्हे. शत्रूची माहिती जमविणे, तिचा अन्वयार्थ लावणे आणि युद्धाच्या योजना आखणे यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांची स्वतंत्र यंत्रणा, असा त्याचा अर्थ आहे. ही यंत्रणा आणि तिच्या प्रमुखाचे पद ब्रिटनमध्ये घडले. विचार करणारा आणि हुकूम देणारा एकच असावा की वेगवेगळा, हा प्रश्न या पदाच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने या पदाच्या वाटचालीचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) नौदल स्टाफच्या स्थापनेमागील कारणे स्पष्ट करणे.
२) १९१७ मधील पुनर्रचनेचे स्वरूप आणि महत्त्व समजून घेणे.
३) दुसऱ्या महायुद्धापासून आजवर या पदाच्या अधिकारात झालेल्या बदलांचा आढावा घेणे.

स्टाफपूर्व व्यवस्था :

ब्रिटिश नौदलाचा कारभार ॲडमिरल्टी मंडळाकडे होता. या मंडळाचा अध्यक्ष 'फर्स्ट लॉर्ड' हा राजकीय मंत्री असे, तर मंडळातील ज्येष्ठ नौदल अधिकारी 'फर्स्ट नेव्हल लॉर्ड' म्हणून ओळखला जाई. १९०४ मध्ये ॲडमिरल जॉन फिशर या पदावर आले, तेव्हापासून 'फर्स्ट सी लॉर्ड' हे नाव प्रचारात आले. 'फर्स्ट लॉर्ड' आणि 'फर्स्ट सी लॉर्ड' या दोन पदांची अनेकदा गल्लत होते. पहिले पद मंत्र्याचे, दुसरे दर्यावर्दी अधिकाऱ्याचे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जहाजबांधणी, गोद्या, मनुष्यबळ आणि पुरवठा या बाबतींत हे मंडळ वाकबगार होते. युद्धाची योजना मात्र बहुतांशी फर्स्ट सी लॉर्डच्या डोक्यात असे. फिशर यांनी नौदलाचा कायापालट केला. 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका त्यांच्याच कारकिर्दीत १९०६ मध्ये समुद्रात उतरली. परंतु स्वतंत्र युद्धस्टाफच्या कल्पनेला त्यांनी थारा दिला नाही. योजना जितक्या थोड्यांना ठाऊक तितक्या सुरक्षित, अशी त्यांची धारणा होती. याच सुमारास ब्रिटिश भूदलाने मात्र जनरल स्टाफ उभारला होता.

१९११ ची बैठक आणि युद्धस्टाफची स्थापना :

१९११ च्या उन्हाळ्यात मोरोक्कोतील अगादिर बंदरावरून फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात पेच निर्माण झाला. युद्धाची शक्यता गृहीत धरून २३ ऑगस्ट १९११ रोजी साम्राज्य संरक्षण समितीची बैठक झाली. भूदलाच्या वतीने जनरल हेन्री विल्सन यांनी फ्रान्समध्ये सैन्य पाठविण्याची तपशीलवार योजना नकाशासह मांडली. नौदलाच्या वतीने फर्स्ट सी लॉर्ड ॲडमिरल आर्थर विल्सन यांनी जर्मन किनाऱ्यावरील हल्ल्यांची कल्पना सांगितली. पण ती विस्कळीत होती आणि प्रश्नांच्या माऱ्यापुढे ती टिकली नाही. दोन दलांच्या योजना परस्परांशी जुळत नाहीत, हे मंत्र्यांच्या लक्षात आले.

परिणामी ऑक्टोबर १९११ मध्ये विन्स्टन चर्चिल यांची फर्स्ट लॉर्ड म्हणून नेमणूक झाली. आर्थर विल्सन यांचा स्टाफला विरोध होता. वर्षअखेरीस त्यांना पायउतार व्हावे लागले. जानेवारी १९१२ मध्ये ॲडमिरल्टीचा युद्धस्टाफ अस्तित्वात आला. त्याचे कारवाई, गुप्तवार्ता आणि सैन्यसज्जता असे तीन विभाग होते. रिअर ॲडमिरल अर्नेस्ट ट्रूब्रिज हे त्याचे पहिले प्रमुख होत.

या रचनेत एक मूलभूत उणीव होती. युद्धस्टाफचा प्रमुख केवळ सल्लागार होता. त्याला स्वतःच्या अधिकारात हुकूम देता येत नसे. शिवाय यंत्रणा कागदावर एका दिवसात उभी राहते. तिच्यासाठी लागणारे प्रशिक्षित अधिकारी मात्र तसे तयार होत नाहीत.

पहिल्या महायुद्धातील कसोटी :

या उणिवेची किंमत युद्धात मोजावी लागली. युद्धकाळात हे पद प्रामुख्याने हेन्री ऑलिव्हर यांच्याकडे होते. ते अत्यंत कष्टाळू होते. परंतु बहुतेक कामे, अगदी तारांचे मसुदेसुद्धा, ते स्वतःच्या हातांनी करीत. काम वाटून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

३१ मे १९१६ च्या जटलंडच्या लढाईत याचे परिणाम दिसले. ॲडमिरल्टीतील 'रूम ४०' हा विभाग जर्मन बिनतारी संदेश उलगडत असे. त्या दिवशी कारवाई विभागाच्या प्रमुखाने तेथे येऊन एका विशिष्ट जर्मन संकेतचिन्हाचे स्थान कोणते, एवढेच विचारले. ते याडे नदीच्या मुखाशी, म्हणजे जर्मन तळावर, असल्याचे त्याला सांगण्यात आले. हे संकेतचिन्ह जर्मन सेनापती बंदरात असताना वापरतो आणि समुद्रावर जाताना ते किनाऱ्यावरील केंद्राकडे सोपवितो, हे 'रूम ४०' मधील तज्ज्ञांना ठाऊक होते. पण प्रश्नाचा हेतू त्यांना सांगितला गेला नव्हता. परिणामी जर्मन आरमार बंदरातच असल्याची चुकीची तार ॲडमिरल जेलिको यांना गेली. काही तासांतच ते आरमार समोर उभे ठाकले आणि ॲडमिरल्टीच्या माहितीवरील जेलिको यांचा विश्वास डळमळला. त्या रात्री शत्रूच्या परतीच्या मार्गाचा सर्वांत स्पष्ट संकेत देणारा उलगडलेला संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. माहिती उपलब्ध होती. ती योग्य हाती पोहोचविणारी व्यवस्था नव्हती.

१९१७ ची पुनर्रचना :

फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध पुकारले. एकट्या एप्रिल महिन्यात दोस्त आणि तटस्थ राष्ट्रांची ८ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. हे असेच चालले असते तर ब्रिटनला अन्नधान्याअभावी युद्ध थांबवावे लागले असते. यावर कॉन्व्हॉय पद्धती, म्हणजे व्यापारी जहाजांनी युद्धनौकांच्या संरक्षणात ताफ्याने प्रवास करणे, हा उपाय सुचविला जात होता. दर आठवड्याला सुमारे अडीच हजार जहाजांची ये-जा होते, एवढ्या जहाजांना संरक्षण देणे अशक्य आहे, असे ॲडमिरल्टीचे म्हणणे होते.

हा आकडाच दिशाभूल करणारा होता. त्यात किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारी लहान गलबतेही मोजली होती. कमांडर रेजिनाल्ड हेंडरसन यांनी जहाजवाहतूक मंत्रालयाकडील नोंदी तपासल्या, तेव्हा महासागर ओलांडणाऱ्या जहाजांची संख्या आठवड्याला १२० ते १४० च्या आसपास असल्याचे आढळले. २६ एप्रिल रोजी ॲडमिरल अलेक्झांडर डफ यांनी कॉन्व्हॉयची शिफारस केली आणि दुसऱ्या दिवशी जेलिको यांनी, जे आता फर्स्ट सी लॉर्ड होते, तिला मान्यता दिली. १० मे रोजी जिब्राल्टरहून पहिला प्रायोगिक ताफा निघाला.

याच मे महिन्यात पदाची पुनर्रचना झाली. युद्धस्टाफचे स्वतंत्र प्रमुखपद रद्द होऊन फर्स्ट सी लॉर्ड हाच 'चीफ ऑफ द नेव्हल स्टाफ' झाला. ऑलिव्हर उपप्रमुख, तर डफ सहायक प्रमुख झाले. या दोघांनाही मंडळाचे सदस्यत्व मिळाले. आता स्टाफला मंडळाच्या नावाने हुकूम काढता येऊ लागले. सल्ला आणि अधिकार यांतील दरी अशा रीतीने बुजली. मात्र बारीकसारीक कामांतून प्रमुखाची सुटका होण्यास वेळ लागला. जेलिको थकलेले आणि निराश झाले होते. २४ डिसेंबर १९१७ रोजी फर्स्ट लॉर्ड एरिक गेडिस यांनी त्यांना पदमुक्त केले. त्यांच्या जागी आलेले रॉसलिन वीमिस यांनी सहकाऱ्यांवर काम सोपविण्याची पद्धत अंगीकारली.

दुसरे महायुद्ध : एकत्रित अधिकाराची दुसरी बाजू

भूदल आणि हवाईदल यांच्या मुख्यालयांहून ॲडमिरल्टी एका बाबतीत वेगळी होती. ती केवळ धोरण ठरवीत नसे, तर समुद्रावरील जहाजांना थेट हुकूमही देऊ शकत असे. १९४० मध्ये उपप्रमुखपदाचे नाव 'व्हाइस चीफ' असे झाले. त्यावेळी ते सांभाळणारे टॉम फिलिप्स पुढे पूर्वेकडील आरमाराचे सेनापती झाले आणि १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाजवळ 'प्रिन्स ऑफ वेल्स' या युद्धनौकेबरोबर मृत्यू पावले.

एकत्रित अधिकाराचा धोका ४ जुलै १९४२ रोजी प्रकटला. रशियाकडे जाणाऱ्या पीक्यू-१७ या ताफ्यावर 'टिर्पिट्झ' ही जर्मन युद्धनौका चालून येईल, या भीतीने फर्स्ट सी लॉर्ड डडली पाउंड यांनी लंडनहून ताफा विखुरण्याचा हुकूम दिला. 'टिर्पिट्झ' तेव्हा निघालीही नव्हती. संरक्षण गमावलेल्या ३० हून अधिक व्यापारी जहाजांपैकी २० पेक्षा जास्त जहाजे विमाने आणि पाणबुड्यांनी बुडविली. १९१६ मध्ये माहिती सेनापतीपर्यंत पोहोचली नव्हती. १९४२ मध्ये निर्णयच त्याच्या हातून काढून घेतला गेला. दोन्ही चुका परस्परविरुद्ध दिशांच्या आहेत, आणि म्हणूनच त्या एकत्र अभ्यासण्याजोग्या आहेत.

युद्धोत्तर काळ :

१ एप्रिल १९६४ रोजी ॲडमिरल्टी संरक्षण मंत्रालयात विलीन झाली. या एकीकरणाचे प्रमुख पुरस्कर्ते लॉर्ड माउंटबॅटन हे स्वतः १९५५ ते १९५९ या काळात फर्स्ट सी लॉर्ड होते, हे लक्षणीय आहे. यानंतर तिन्ही दलांच्या वर असलेल्या 'चीफ ऑफ द डिफेन्स स्टाफ' या पदाचे महत्त्व वाढत गेले. १९६६ मध्ये नव्या विमानवाहू नौकेची योजना रद्द झाल्यावर डेव्हिड लूस यांनी राजीनामा दिला. निर्णय बदलला नाही.

तथापि योग्य वेळी दिलेल्या सल्ल्याचे मोल कमी झाले नव्हते. ३१ मार्च १९८२ रोजी फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनाचा हल्ला अटळ दिसू लागला, तेव्हा हेन्री लीच यांनी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना आरमार पाठविणे शक्य आणि आवश्यक आहे, असे ठामपणे सांगितले. ५ एप्रिल रोजी आरमार निघाले. १४ जून रोजी अर्जेंटिनाच्या फौजेने शरणागती पत्करली.

२०११ च्या लेव्हीन अहवालानंतर दलप्रमुखांना संरक्षण मंडळातील स्थान सोडावे लागले. दुसरीकडे आरमाराच्या कमांडर-इन-चीफचे वेगळे पद २०१२ मध्ये रद्द होऊन ती जबाबदारी फर्स्ट सी लॉर्डकडे आली. मे २०२५ मध्ये जनरल ग्विन जेंकिन्स यांच्या रूपाने प्रथमच रॉयल मरीन्सचा अधिकारी या पदावर आला.

निष्कर्ष :

भारतात १९५५ च्या कायद्याने तिन्ही दलप्रमुखांचे 'कमांडर-इन-चीफ' हे पदनाम जाऊन 'चीफ ऑफ स्टाफ' ही संज्ञा आली. २२ एप्रिल १९५८ रोजी व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी हे नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्या पदनामामागे वरील सर्व इतिहास उभा आहे.

या इतिहासावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अधिकाराविना सल्ला निष्प्रभ ठरतो. १९१२ ची रचना याची साक्ष आहे. दुसरी, सल्ला आणि अधिकार एकाच व्यक्तीत एकवटले तरी काम वाटून देण्याची शिस्त नसेल, तर यंत्रणा गुदमरते. तिसरी, दूरच्या कचेरीत बसलेल्याने प्रत्यक्ष जागेवर असणाऱ्याचा निर्णय हिरावून घेणे घातक ठरू शकते. पदांची नावे आदेशाने बदलतात. परंतु कोणी विचार करावा, कोणी ठरवावे आणि कोणाला कळवावे, याची स्पष्टता अनुभवातूनच येते. ब्रिटनला हा अनुभव बुडालेल्या जहाजांच्या आणि खलाशांच्या प्राणांच्या मोलाने मिळाला.