समुद्रशैवालाची रात्रपाळी

जागचें हलतां न येणाऱ्या समुद्रशैवालानें भुकेल्या माशांपासून जीव कसा वांचवावा? उष्ण समुद्रांतील प्रवाळखडकांवर वाढणारें हॅलिमेडा हें हिरवें शैवाल पाहा. त्याच्या जून चकत्या चुन्यानें कठीण झालेल्या असतात. धोका असतो तो कोंवळ्या चकत्यांना. म्हणून त्या फुटतात रात्रीं, शैवालभक्षक मासे निजले असतां! आणि त्याहि प्रथम पांढऱ्याच; मोलाचें हरितद्रव्य त्यांत उतरतें तें सूर्योदयाच्या थोडें आधीं. चुना चढण्यास मात्र अवधि लागतो. तोंवर जून चकत्यांहून अधिक विष त्यांचें रक्षण करतें. १९८८ सालीं मार्क हे, व्हॅलेरी पॉल प्रभृति संशोधकांनीं हा क्रम उजेडांत आणला. तथापि हें कवच अभेद्य नव्हे. एक समुद्री गोगलगाय हेंच शैवाल खाते आणि त्यांतील विष किंचित् पालटून स्वतःच्या रक्षणास वापरते.