माहितीची राखण – लेखांक ९ : पासवर्ड फुटला, आता ग्राहकाला काय सांगायचं?

पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचा हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेली सांकेतिक खूण, का साठवतात, हे मागच्या लेखांकात पाहिलं. हे हॅशच चोराच्या हाती लागले तर? मे २०१७मध्ये झोमॅटोवर ही वेळ आली. सुमारे १.७ कोटी वापरकर्त्यांच्या नोंदी चोरीला जाऊन डार्क वेबवर विक्रीला लागल्या.

१८ मे रोजी कंपनीने स्वतःच हे जाहीर केलं. नावं, ईमेल पत्ते आणि पासवर्डचे हॅश गेले आहेत. कार्डांचा तपशील वेगळीकडे असल्याने तो शाबूत आहे. बाधितांचे पासवर्ड रद्द करून त्यांना ॲपमधून लॉगआउटही केलं. इथवर चोख काम. पण निवेदनात धीर देणारं एक वाक्य होतं. हॅशवरून मूळ पासवर्ड काढता येत नाही, म्हणून तोच पासवर्ड इतरत्र वापरत असलात तरी तो सुरक्षित आहे, अशा आशयाचं.

हे अर्धसत्य. हॅश उलटा फिरवता येत नाही खरा, पण चोराला तो फिरवायचाच नसतो. ‘१२३४५६’, नावापुढे जन्मसाल असे नेहमीचे पासवर्ड घेऊन तो त्यांचे हॅश काढतो आणि चोरलेल्या यादीशी जुळवून पाहतो. हॅशची पद्धत झटपट चालणारी असेल, तर सेकंदाला कोट्यवधी प्रयत्न होतात. जाणकारांनी टीका केल्यावर सूचना बदलली: तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही बदला. पण पहिलं निवेदन वाचून निर्धास्त झालेल्यांनी दुसरं वाचलं असेलच असं नाही.

चोरी झाली कशी, तेही कंपनीने पुढे सविस्तर सांगितलं. २०१५मध्ये ०००वेबहोस्ट या दुसऱ्याच सेवेतून पासवर्ड फुटले होते. त्यात झोमॅटोच्या एका डेव्हलपरचा पासवर्ड होता, आणि तोच त्याने गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेवरही ठेवला होता. तिथून चोराला कंपनीचा कोड मिळाला, कोडात त्रुटी सापडली. म्हणजे ग्राहकांना ज्याची चिंता करू नका म्हटलं, नेमक्या त्याच सवयीने कंपनीचं घर फोडलं होतं!

तरी झोमॅटोने लपवलं नाही, हे मी मोठं मानतो. उबरने २०१६मधली ५.७ कोटी लोकांची माहितीचोरी वर्षभर दडवली, चोरांना एक लाख डॉलर देऊन ते त्रुटी शोधल्याचं बक्षीस म्हणून दाखवलं. त्या प्रकरणी उबरच्या माजी सुरक्षाप्रमुखाला २०२२मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने दोषी ठरवलं.

आपल्याकडे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवणं कंपनीवर बंधनकारक केलं. कसूर झाल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. काय गेलं, त्याचे परिणाम काय आणि आपण स्वतः काय करावं, हे सोप्या भाषेत सांगावं लागेल. मात्र युरोपात ग्राहकाला कळवण्याची सक्ती धोका मोठा असेल तेव्हाच आहे. आपल्या कायद्यात अशी पायरीच नाही. किरकोळ गळतीचंही पत्र येईल. ‘केवायसी अपडेट करा’च्या बनावट मेसेजांच्या गर्दीत खरं पत्र ओळखायचं कसं, ते पुढच्या लेखांकात.