चोरदरवाजा कोणाला दिसतो?

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्याच सामग्रीवर खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, आणि उरलेला एक सहभागी त्या पात्रांभोवतीचे सारे जग सांभाळतो: खोल्यांचे वर्णन करतो, राक्षसांच्या वतीने लढतो आणि नियमांबाबत शेवटचा निवाडा देतो. या सूत्रधाराला सामान्यतः गेम मास्टर आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या सर्वांत प्रसिद्ध खेळात डंजन मास्टर म्हणतात. खेळाडूंना जग दिसते ते त्याच्याच शब्दांतून, आणि त्यामुळे या खेळांत एक पेच मुळापासून आहे. भुयाराच्या भिंतीत चोरदरवाजा असेल, तर तो तिथे आहे हे एकट्या सूत्रधाराला ठाऊक असते. त्याने ते सांगून टाकले तर दरवाजा गुप्त राहत नाही, आणि सांगितलेच नाही तर खेळाडूंच्या लेखी तो असून नसल्यासारखा. लपलेली गोष्ट कोणाला, केव्हा आणि कशाच्या बळावर दिसावी, याचे नियम गेल्या ५० वर्षांत वारंवार बदलले, आणि त्या प्रत्येक बदलामागे एकच वाद आहे: लक्ष कोणाचे मोजायचे, टेबलाशी बसलेल्या खेळाडूचे की त्याने उभ्या केलेल्या पात्राचे?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथील टीएसआर कंपनीने प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघेही सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून खेळायच्या युद्धखेळांत मुरलेले होते. फौजांऐवजी एकेका माणसाची गोष्ट खेळायची, तर त्या माणसाचे वर्णन आकड्यांत करणे आले, आणि त्यासाठी सहा क्षमता ठरवण्यात आल्या: स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, विझडम म्हणजे जाण आणि विवेक, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे शरीराचा काटकपणा, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई आणि करिश्मा म्हणजे व्यक्तिमत्त्वाची छाप. प्रत्येक क्षमतेसाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकून त्यांची बेरीज करायची, म्हणजे क्षमतांक ३ ते १८ यांच्या दरम्यान येतो. तीन फाशांची २१६ प्रकारची दाने पडू शकतात. त्यांपैकी १८ ही बेरीज एकदाच मिळते, तर १० किंवा ११ ही बेरीज ५४ दानांत, म्हणजे चारांतून एकदा मिळते. बहुसंख्य पात्रे मध्यम कुवतीची आणि असामान्य पात्रे विरळा, हा समतोल त्यामुळे फाशांनी आपोआप साधला.

असे असले तरी सुरुवातीच्या नियमांत या अंकांचा उपयोग आश्चर्य वाटावे इतका थोडा होता, आणि गुप्त गोष्टी शोधण्याशी तर त्यांचा काहीच संबंध नव्हता. चोरदरवाजा शोधताना सहा बाजूंचा एक फासा टाकला जाई. माणूस, ड्वार्फ म्हणजे बुटके खाणकरी किंवा हॉबिट यांपैकी कोणी शोधत असेल तर १ किंवा २ पडल्यास दरवाजा सापडे, आणि एल्फ या तीक्ष्ण नजरेच्या वंशातील पात्र शोधत असेल तर १ ते ४ पर्यंतचे कोणतेही दान चाले. शिवाय एल्फ नुसता जवळून गेला तरी सूत्रधाराच्या मर्जीने त्याला चाहूल लागण्याची संधी होती. मात्र शोध फुकट नव्हता. दहा फूट भिंत तपासायला खेळातला एक ‘टर्न’, म्हणजे दहा मिनिटे जात, आणि प्रत्येक टर्नला सूत्रधार आणखी एक फासा टाकी, ज्यावर ६ पडल्यास भुयारात हिंडणारा एखादा राक्षस येऊन ठेपण्याची भीती असे. म्हणून प्रत्येक भिंत चाचपत बसणे परवडत नसे आणि कोणती भिंत चाचपायची हे नकाशावरून ताडावे लागे. दोन खोल्यांच्या मध्ये कारण नसताना जागा रिकामी राहिली, की तिथे काहीतरी दडलेले आहे असा तर्क खेळाडू करीत.

या काळातील खेळाचा भर खेळाडूच्या चातुर्यावर होता. खरेदीच्या यादीत दहा फुटी काठी असे, तिने पुढची जमीन ठोकून पाहिली जाई, आणि फरशीवर पाणी ओतून ते कोठे मुरते हे पाहण्यासारख्या युक्त्या टेबलाशी बसलेल्या माणसालाच सुचाव्या लागत. गायगॅक्स यांनी लिहिलेले आणि १९७८ मध्ये छापले गेलेले ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस या पद्धतीचे टोक मानले जाते: त्यातील एका भिंतीवर हिरव्या सैतानाचे आ वासलेले तोंड आहे आणि त्या अंधाऱ्या तोंडात शिरणारा कायमचा नाहीसा होतो, मग त्याचे क्षमतांक कितीही मोठे असोत. आत जाण्यापूर्वी एखादी काठी घालून पाहावी, एवढे ज्याला सुचले तो वाचला.

या पद्धतीचे गुण उघड आहेत, तसे दोषही. बोलघेवडा आणि अनुभवी खेळाडू मठ्ठ पात्र घेऊनही सारे सापळे ओळखतो, आणि नवखा खेळाडू महापंडिताची भूमिका करीत असूनही खड्ड्यात पडतो, तेव्हा पात्राच्या कागदावरील आकड्यांना अर्थ उरत नाही. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर हा नवा पेशा आला आणि सापळे निकामी करणे, आवाज न करता चालणे, सावलीत लपणे यांसाठी त्याला टक्केवारी मिळाली. त्यावर आजही घेतला जाणारा आक्षेप असा, की एकाला एखाद्या कामाचा आकडा दिला की बाकीच्यांना ते काम जमत नाही असा अर्थ निघतो. टॉम मोल्डवे यांनी संपादिलेल्या १९८१ च्या ‘बेसिक’ संचात अधिक मोकळा तोडगा सुचवला गेला: नियमांत नसलेली कोणतीही कृती असो, वीस बाजूंचा फासा टाकावा आणि दान संबंधित क्षमतांकाएवढे किंवा त्याहून कमी आले तर ती साधली असे मानावे. क्षमतांक आता पात्राच्या वर्णनापुरते न राहता निकाल लावू लागले.

हा विचार २००० साली, टीएसआर विकत घेतलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीच्या तिसऱ्या आवृत्तीत पक्का झाला. तेव्हापासून क्षमतांकातून १० वजा करून उरलेल्याचे निम्मे करतात आणि अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक धरतात; या आकड्याला मॉडिफायर म्हणतात, आणि तो वीस बाजूंच्या फाशाच्या दानात मिळवला जातो. १६ क्षमतांकाला +३, १० ला शून्य आणि ८ ला −१ असा त्याचा हिशेब आहे. कृती किती अवघड हे दाखवणारा आकडा, ज्याला डीसी म्हणतात, सूत्रधार ठरवतो, आणि फासा व मॉडिफायर यांची बेरीज त्या आकड्याला पोहोचली की कृती यशस्वी होते. या आवृत्तीत पाहणे, ऐकणे आणि झडती घेणे ही तीन वेगळी कौशल्ये होती. त्यांतली पहिली दोन विझडमवर आणि तिसरे इंटेलिजन्सवर अवलंबून होते. चौथ्या आवृत्तीत, २००८ साली, ती ‘पर्सेप्शन’ या एकाच कौशल्यात विलीन झाली, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पुन्हा दोन भाग केले: विझडमवर चालणारे पर्सेप्शन, म्हणजे इंद्रियांनी काही जाणवणे, आणि इंटेलिजन्सवर चालणारे ‘इन्व्हेस्टिगेशन’, म्हणजे जे जाणवले त्यावरून तर्क करणे.

ही विभागणी का उपयुक्त आहे ते एका प्रसंगावरून कळेल. एका दालनात पुस्तकांच्या कपाटामागे चोरदरवाजा आहे आणि तो जाणवण्याचा डीसी १५ आहे असे धरू. गटात एक धर्मोपदेशिका आहे, जिचे विझडम १६ असून पर्सेप्शनमध्ये ती तरबेज असल्यामुळे तिला आणखी २ मिळतात, म्हणजे एकूण +५. आणि एक जादूगार आहे, ज्याचे विझडम बेताचे पण इंटेलिजन्स उत्तम आहे. कपाटापाशी मशालीची ज्योत किंचित कलते आणि धूळ एका बाजूलाच खरवडलेली आहे, हे धर्मोपदेशिकेच्या नजरेस पडते. परंतु कोणते पुस्तक ओढले असता कपाट सरकेल हे तिला उमगेलच असे नाही, ते जादूगार शोधून काढतो. एकाचे दिसणे आणि दुसऱ्याचे समजणे जुळले तरच दरवाजा उघडतो, आणि सहा क्षमतांपैकी कोणत्या वाढवायच्या, कोणत्या कमी ठेवायच्या या निवडीला त्यामुळे वजन येते.

तथापि फाशाने लक्ष मोजण्यात दोन अडचणी आहेत. पहिली गणिताची आहे. मॉडिफायर शून्य असलेल्या पात्राला डीसी १५ गाठण्यासाठी फाशावर १५ किंवा अधिक दान हवे, आणि त्याची शक्यता ३० टक्के आहे. परंतु अशाच पाच जणांनी एकेकदा फासा टाकला, तर त्यांपैकी निदान एकाला यश मिळण्याची शक्यता सुमारे ८३ टक्के होते. सूत्रधाराने कठीण म्हणून लपवलेली वस्तू गटाला जवळजवळ हमखास सापडते, आणि पाचही जण मंद नजरेचे असले तरी फारसे बिघडत नाही. दुसरी अडचण अशी, की ‘पर्सेप्शनचा फासा टाका’ असे सूत्रधाराने म्हणताच येथे काहीतरी दडलेले आहे हे सर्वांना कळते, मग दान कितीही वाईट पडो. याच नियमांवर लॅरियन स्टुडिओजने बनवलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ च्या संगणकीय खेळात पात्रांचा पर्सेप्शनचा प्रयत्न फसल्याचे पडद्यावर दिसते, आणि खेळाडू लगेच तो परिसर पिंजून काढू लागतात.

यावरचा उपाय म्हणून ‘पॅसिव्ह पर्सेप्शन’ची कल्पना आली. त्यात फासा टाकायचाच नाही. १० मध्ये पर्सेप्शनची बेरीज मिळवायची आणि तो आकडा सूत्रधाराने आधीच टिपून ठेवायचा. वरील धर्मोपदेशिकेचा आकडा १५ होतो, म्हणून ती दालनात शिरताच धुळीचा ओरखडा तिच्या ध्यानात येतो आणि कोणाला फाशाचा सुगावाही लागत नाही. परिस्थितीचा प्रभावही यात मोजता येतो. मशालीचा लख्ख उजेड २० फुटांपर्यंत असतो आणि त्यापुढच्या २० फुटांत अंधूक प्रकाश. अंधुकात नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला बाधा येते आणि पॅसिव्ह आकड्यातून ५ वजा होतात. म्हणजे तेच कपाट ३० फुटांवर असेल, तर त्याच धर्मोपदेशिकेचा आकडा १० वर उतरतो आणि ओरखडा तिला दिसत नाही. मशाल घेऊन जवळ जाण्याचा निर्णय मात्र खेळाडूचा असतो, आणि त्या निर्णयाने निकाल बदलतो. या उपायातही एक गोम आहे: साहस आखताना सूत्रधाराला गटातील सर्वांत मोठा आकडा ठाऊक असेल, तर डीसी १५ ठेवायचा की १६ हे ठरवतानाच वस्तू सापडणार की नाही याचाही निकाल लागलेला असतो.

रहस्यकथेच्या खेळांत ही समस्या सर्वाधिक जाचक ठरली. सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ या १९८१ च्या भयखेळात ‘स्पॉट हिडन’ नावाचे टक्केवारीचे कौशल्य आहे, आणि महत्त्वाचा धागा त्यावर अवलंबून ठेवला असताना सर्वांचे फासे उलटे पडले, तर कथा जागच्या जागी अडते. रॉबिन लॉज यांनी रचलेल्या ‘गमशू’ या नियमपद्धतीने म्हणून मुळावरच घाव घातला: योग्य कौशल्य असलेले पात्र योग्य ठिकाणी पाहत असेल, तर मूळ धागा त्याला फाशाविना मिळतोच, आणि कौशल्याचे गुण खर्च केले तर त्याहून अधिक माहिती मिळते. गुप्तहेर कथेत थरार पुरावा सापडण्यात नसून त्याचा अर्थ लावण्यात असतो, हा त्यामागचा विचार आहे. ‘गमशू’ आली जवळपास त्याच काळात अमेरिकेत जुन्या धाटणीचे खेळ पुन्हा खेळू पाहणाऱ्यांची चळवळ जोर धरत होती. तिचे एक प्रवर्तक मॅथ्यू फिंच यांनी २००८ मध्ये उलट दिशेने मांडणी केली, की सापळा फाशाने न शोधता प्रश्न विचारून आणि जमीन चाचपून शोधावा.

वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन मतांत एक गोष्ट समान आहे: सापडणे किंवा न सापडणे एवढेच निव्वळ फाशावर सोडले, तर खेळात निर्णय उरत नाही. खेळातील चोरदरवाजा खऱ्या किल्ल्यातील चोरदरवाजासारखा कायम अज्ञात राहावा म्हणून बांधलेला नसतो, तो सापडावा म्हणूनच रचलेला असतो. तेव्हा पात्राच्या क्षमतांकाने ठरवायचे ते हे, की तो कोणाला आधी जाणवतो, शोधण्यात किती वेळ जातो आणि तेवढ्यात कोण पाठीवर येते. जाणवलेल्या गोष्टीचे काय करायचे, हे मात्र खेळाडूने ठरवावे. नव्याने सूत्रधार होऊ पाहणाऱ्याने फासा टाकायला सांगण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: दान फसले तर पुढे काय घडेल, आणि ते घडणे खेळायला रंजक आहे का? दोन्हींची उत्तरे हाताशी असतील तर फासा जरूर टाकावा. नसतील, तर भिंतीवरचा ओरखडा सरळ सांगून टाकावा आणि पुढचा विचार खेळाडूंना करू द्यावा.