जेऊरचा नागराज आणि पडद्यावरची आपली माणसं

परवा मेहकरात एका वडिलांनी आम्हाला रस्त्यात गाठलं. म्हणाले, "भाऊ, पोरगं बारावी झालं. आता म्हणतंय, सिनेमाचं शिकायचं. तुम्हीच समजवा त्याला." आम्ही समजवायला गेलो आणि नागराज मंजुळे यांची हकीगत सांगून आलो. तीच वाचकांपुढे ठेवतो.

सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं जेऊर हे त्यांचं गाव. जन्म १९७७ चा, वडार समाजातल्या गरीब घरातला. दगड फोडून पोट भरणारा हा समाज. कुणाचा वशिला नाही, सिनेमाशी नातं नाही. पण या माणसानं शिक्षण सोडलं नाही. पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलं. मग तेव्हाच्या अहमदनगरला, न्यू आर्ट्स महाविद्यालयात, संज्ञापनशास्त्राचा अभ्यास केला. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा कवितासंग्रह लिहिला. 'पिस्तुल्या' हा लघुपट काढला, तो शाळेची ओढ असलेल्या गरीब मुलाचा. पहिल्याच प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढे २०१३ साली 'फँड्री' आला. त्यातला जब्या शाळेत जातो, पण गाव त्याच्या घरच्यांना डुकरं धरायला लावतं. मेलेलं डुक्कर काठीला बांधून ही माणसं शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र आहे. कुणी भाषण करत नाही. तरी ते दृश्य पाहून आम्ही खाली मान घातली. भिंतीवर महापुरुष रंगवले, पण गावाच्या मनात ते उतरले का, हा प्रश्न आम्हालाही चुकवता आला नाही. याही चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा.

२९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला. तोवर कुठल्याही मराठी चित्रपटानं एवढी कमाई केली नव्हती. गाण्यांवर नाचणारी पोरं शेवट पाहून मात्र मुकाट बाहेर पडली. जातीबाहेर प्रेम केलं म्हणून पोटच्या लेकीचा जीव घेणारी माणसं त्यांनी पाहिली होती. २०२२ च्या 'झुंड'मध्ये तर अमिताभ बच्चन आहेत, नागपूरच्या झोपडपट्टीतली फुटबॉल खेळणारी पोरं आहेत, आणि बाबासाहेबांची जयंतीही आहे. आपल्या वस्तीत होते तशीच.

मंजुळे यांनी गावची बोली लपवली नाही, चेहरेही गावचेच घेतले. 'सैराट'ची रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती.

त्या वडिलांना आम्ही म्हणालो, "पोराला अडवू नका. पण आधी पदवी घे म्हणावं. कॅमेरा धरायचा तर लिहिता-वाचताही आलं पाहिजे. आणि एक दिवस घरच्या सगळ्यांना घेऊन 'फँड्री' बघा." पोरगं दारात उभं राहून ऐकत होतं. त्यानं विचारलं, "काका, नगरच्या त्या कॉलेजात प्रवेश कसा मिळतो?"

चौकशी करून सांगायचं आम्ही कबूल केलं आहे.